तुळजाबाईला नथ नव्हती

भागीरथीबाईंना राग आला की त्या घासलेली भांडी पुन्हा घासायला काढतात, हे म्हैसूरच्या अग्रहारातल्या त्यांच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या मंगळवारी सकाळी सहापासून मोरीत पातेली आपटत होती. समोरच्या फुलवाल्याने बायकोला सांगितलं, आज त्यांच्याकडे फुलं तूच देऊन ये, मी नाही जाणार.

रागाला कारणही तसंच होतं. अडुसष्टाव्या वर्षी बाईंचं पहिलं पुस्तक छापून आलं होतं. नजरबादच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं साहेबांची पत्रं टाइप केली, साहेबांच्या चुकांसकट. निवृत्त झाल्यावर कचेरीने मोडीत काढलेला कन्नड टाइपरायटर त्या रिक्षात घालून घरी घेऊन आल्या, आणि सहा वर्षं खपून त्यावर आपल्या आईची गोष्ट लिहिली. लिहिली कन्नडात. म्हैसूरच्या जुन्या मराठा घरांचं हे असंच आहे. बोलायचं मराठीत, भांडायचं दोन्हीत आणि लिहायची वेळ आली की कन्नडात. पुस्तकाचं नाव ‘हुल्लम्मा’.

हुल्लु म्हणजे गवत. बाईंच्या आईला, तुळजाबाईला, सगळा गाव हुल्लम्मा म्हणायचा. तिचा नवरा घोडदळात शिपाई होता. भागीरथी दीड वर्षाची असताना तो गेला, तेव्हा तुळजाबाई सव्वीस वर्षांची. पूर्वजांनी घोडे दामटले असतील, हिने घोड्यांना खायला घातलं. कमरेला विळा खोचून तळ्याकाठचं गवत कापायचं, भारा डोक्यावर घेऊन टांग्यांच्या अड्ड्यावर न्यायचा, असं वीस वर्षं. रंगाने काळी, अंगाने वाळलेली, तोंडावर देवीचे व्रण. भाऱ्याने टाळूवरचे केस झडून तळहाताएवढं टक्कल पडलेलं. फोटो म्हणाल तर एकही नाही. फोटो काढून घ्यायला गेली असती तर त्या दिवशी घोड्यांनी काय खाल्लं असतं?

पुस्तक छापायचं समाजाच्या संघाने मनावर घेतलं, आणि तिथेच माशी शिंकली. संघाचे अध्यक्ष मनोहरराव. आपल्यात कोणी गवत कापत होतं, हेच त्यांना पटत नव्हतं. ‘‘अक्का, आपण तलवारीची माणसं,’’ असं ते ऊठसूट म्हणायचे. त्यांच्या घरी तलवार आहे, खोटं कशाला बोला. दसऱ्याला तिची पूजा होते आणि उरलेलं वर्ष तिच्यावर टॉवेल वाळत घालतात.

नेमकं छपाईच्या आठवड्यात बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, टाइपरायटर बंद, जिन्याकडे जायचं नाही. तेवढ्यात मनोहररावांनी बाईंच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या स्पृहाला गाठलं. स्पृहा नाशिकची, तीन वर्षांपूर्वी म्हैसुरातल्याच हेब्बाळच्या कंपनीत नोकरीला आलेली. ‘‘तू कंप्युटरवाली ना, मुखपृष्ठ करून दे. जुनी घरंदाज मराठा बाई पाहिजे,’’ एवढं ते म्हणाले. स्पृहाने कंप्युटरला तेच सांगितलं आणि त्याने दोन मिनिटांत बाई काढून दिली. गोरीपान, टपोऱ्या डोळ्यांची, नाकात ओठांपर्यंत लोंबणारी नथ, कपाळावर चंद्रकोर, हातभर हिरवा चुडा, अंगावर भरजरी शालू. सव्वीस वर्षांच्या विधवेला हा चुडा कोणी भरला, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. स्पृहाला कन्नड वाचता येत नव्हतं. मनोहररावांना येत होतं, त्यांनी वाचलं नाही.

प्रकाशनाच्या दिवशी बाईंना शाल घातली, डोक्यावर म्हैसुरी पेट्याचं पागोटं ठेवलं, हातात पुस्तक दिलं. एक डोळा अजून चुरचुरत होता, दुसऱ्या डोळ्याने त्यांनी ते पाहिलं. माइक समोरच होता. ‘‘ही कोण बाई?’’ त्यांनी विचारलं. लोकांना वाटलं, आईच्या आठवणीने कंठ दाटून आलाय. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तर त्या दिवसापासून पातेली आपटत होती. आईचं तोंड पुसून त्या जागी दुसरीच बाई बसवली होती, आणि बाईंनी ठरवलं होतं की ती दुसरी बाई एकाही दुकानात उघडी राहू द्यायची नाही. म्हैसुरातली दुकानं त्यांनी आठवडाभर चालत आणि रिक्षाने फिरून उरकली होती. राहिली तीन, संघाने बाहेरगावी पाठवलेली. श्रीरंगपट्टण, पांडवपुरा आणि कृष्णराजनगर. त्या मंगळवारी स्पृहाने रजा काढली होती आणि गाडीही तिचीच होती. बाईंनी तिला तीन आठवडे धड उत्तर दिलं नव्हतं, पण गाडीत मात्र बसल्या. मांडीवर पिशवी. पिशवीत खाकी कागदाचं भेंडोळं, कात्री, डिंकाची बाटली आणि टाइप केलेली लेबलं. जून महिन्यात पोरांच्या वह्यापुस्तकांना घालतात तसं खाकी कव्हर घालायचं आणि वर लेबल डकवायचं. ‘हुल्लम्मा’ आणि खाली ‘गवत कापणाऱ्या तुळजाबाईची गोष्ट’.

‘‘काकू, सीटबेल्ट,’’ स्पृहा म्हणाली.

‘‘बेडा, नको. मला काही होत नाही,’’ बाई म्हणाल्या, आणि पट्टा लावला.

श्रीरंगपट्टणचं दुकान देवळाच्या रस्त्यावर आहे. पुढे वह्या, पेनं, प्रवाशांसाठी नकाशे, आत पुस्तकांच्या चार मांडण्या. पवित्रा नावाची तिशीतली बाई ते चालवते, एकटी, आणि चांगलं चालवते. तिने ‘हुल्लम्मा’च्या आठ प्रती रस्त्यावरून दिसतील अशा काचेत ओळीने उभ्या केल्या होत्या. आठ नथा, आठ चंद्रकोरी. बाई फूटपाथवरच थांबल्या आणि त्यांचं डोकं फिरलं.

‘‘अम्मा, तुम्ही लेखिका?’’ पवित्रा हरखून गेली. तिने खुर्ची पुसली, आतून पाणी आणलं. ‘‘तुमची आई किती सुंदर होती. प्रत्येक जण थांबून बघतो. कालच दोघींनी नुसता चेहरा बघून पुस्तक घेतलं.’’

‘‘वाचलं का त्यांनी?’’

‘‘ते कसं सांगू.’’

‘‘तुम्ही वाचलंत?’’

पवित्रा ओशाळली. वाचणार आहे म्हणाली. बाईंनी पाणी बाजूला ठेवलं, काचेतली आठही पुस्तकं काढून घेतली आणि काउंटरवरच कागद कापायला बसल्या. कडा दुमडायच्या, कोपरे आत घ्यायचे, अंगठ्याच्या नखाने घडी दाबायची. पवित्रा आधी हसली. मग ती थट्टा नाही हे कळल्यावर म्हणाली, ‘‘अम्मा, असं केलंत तर कोणी हात लावणार नाही. शाळेचं पुस्तक वाटेल.’’

‘‘वाटू दे. ती शाळेत गेली नाही. पुस्तक तरी जाऊ दे.’’

‘‘पण एवढा छान चेहरा का झाकायचा?’’

‘‘कारण तो तिचा नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तुमच्या आईचा मृत्यू झाला आणि पेपरात दुसऱ्याच बाईचा फोटो आला, तर छान दिसते म्हणून ठेवाल?’’

पवित्राने मान डोलावली. पण बाई पायऱ्या उतरल्या तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं, तर पवित्रा एका पुस्तकाचं कव्हर उचलून आतली नथ बघत होती. बाईंनी पिशवी काखेत मारली आणि गाडीचं दार असं ओढलं की स्पृहा दचकली.

पांडवपुऱ्याच्या वाटेवर दोन्हीकडे ऊस आणि मध्येमध्ये गुऱ्हाळं. तिथे मनोहररावांचा फोन आला. पवित्राने संघाला कळवलं असणार. फोन स्पीकरवर होता, कारण बाईंना तो कानाला लावलेला चालत नाही.

‘‘अक्का, हे काय चालवलंय? चांगल्या पुस्तकांना कागद डकवताय म्हणे. समाजाचं नाव जातंय.’’

‘‘समाजाचं नाव माझ्या आईच्या टकलामुळे जातं का?’’

‘‘तसं नव्हे. लोकांना काहीतरी आदर वाटेल असं…’’

‘‘मनोहरराव, तुमची आजी टांग्यांच्या अड्ड्यावर शेण गोळा करायची. माझ्या आईबरोबर जायची. तिच्याही नाकात काही नव्हतं. सांगू सगळ्यांना?’’

मग मनोहरराव म्हणाले, सिग्नल नीट येत नाही, आणि फोन बंद झाला. स्पृहाला हसू आलं. बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ते तिथल्या तिथे विरलं.

पांडवपुऱ्याचं दुकान म्हणजे खरं तर गाइडं आणि परीक्षेच्या पुस्तकांचं. मालक साठीचा, कपाळाला विभूती, स्वभावाने गाय. बाईंनी नाव सांगताच तो उठून उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, ‘‘या, या. तुमच्या मातोश्रींचंच दर्शन घेऊन रोज दुकान उघडतो.’’

बाईंना कळेना. त्याने वर बोट दाखवलं. गल्ल्याच्या वर देवांच्या तसबिरींच्या ओळीत एक नवी तसबीर होती. त्याने एका प्रतीचं मुखपृष्ठ कापून काचेत घातलं होतं. वर मोगऱ्याचा गजरा, पुढे उदबत्ती, आणि काचेवर बरोबर चंद्रकोरीच्या जागी ओलं कुंकू. ‘‘मिसेसने लावलं,’’ तो भक्तीने म्हणाला. ‘‘म्हणाली, काय तेज आहे चेहऱ्यावर. राणीसारख्या.’’

आता बोला. ज्या तुळजाबाईला तिच्या हयातीत कोणी ओट्यावर बसू दिलं नाही, भारा उतरवायला हात दिला नाही, तिच्या नावाने ही दुसरीच बाई उदबत्ती ओवाळून घेत होती. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या म्हणाल्या, ‘‘उतरवा ते.’’

‘‘अय्यो, असं कसं? पूजेतलं आहे.’’

‘‘माझी आई नाही ती. कोणाचीच आई नाही. कंप्युटरने काढली आहे. या पोरीने काढली आहे, हिला विचारा.’’

मालकाने स्पृहाकडे पाहिलं. स्पृहाला शब्द कळले नाहीत, पण बोट कोणाकडे आहे ते कळलं, तिने मान खाली घातली. तो बिचारा गोंधळला, पण हटला नाही. ‘‘असेल,’’ तो म्हणाला, ‘‘देवांचीसुद्धा चित्रं कोणीतरी काढलेलीच ना.’’

बाई स्वतः स्टुलावर चढल्या. अडुसष्टावं वर्ष, ताजं ऑपरेशन, स्पृहा खालून स्टूल धरून उभी. तसबिरीला हात घातला आणि तो तिथेच थांबला. कुंकू लावलेलं होतं. कुंकू लावलेलं चित्र फाडायचं कसं? जन्मभर अंगात मुरलेली गोष्ट, ती ऐन वेळी आडवी आली. बाई तशाच खाली उतरल्या. उरलेल्या चार प्रतींना त्यांनी कव्हरं घातली, पण घड्या तिरक्या पडल्या. त्यांच्या हातून कधी तिरकी घडी पडत नाही.

गाडीत बसल्यावर मात्र सगळं स्पृहावर निघालं. ‘‘एनु, काय गं, तुला एवढं पण विचारायला येत नव्हतं? तोंड उघडून? वरच्या जिन्यावरून खाली यायचं, काकू, तुमची आई कशी होती, एवढं विचारायचं. चार वाक्यांत सांगितलं असतं.’’

‘‘तुमच्या डोळ्याला पट्टी होती, काकू.’’

‘‘तोंडाला नव्हती.’’

स्पृहाने गाडी कालव्याच्या कडेला घेतली. तीन आठवडे तिने ऐकून घेतलं होतं, आता तिचाही बांध फुटला. ‘‘मला वाटलं तुम्हाला आवडेल. आमच्याकडे मराठा बाई म्हटलं की अशीच दाखवतात. मी काय मुद्दाम केलं? मी त्या चित्रावर रात्रभर बसले होते, शालूचे काठ नीट यावेत म्हणून. चुकलं माझं. किती वेळा म्हणू?’’

‘‘काठ,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तिच्या लुगड्याला काठ नव्हता. उसवला की ती फाडून त्याची चुंबळ करायची, डोक्यावर ठेवायला. मी पुस्तकात लिहिलंय ते. सगळं जसंच्या तसं लिहिलंय. एक अक्षर खोटं नाही त्यात. म्हणून तर माझा जीव जातो, की आत एवढं खरं आणि वर हे असलं.’’

स्पृहाने डोळे पुसले आणि गाडी सुरू केली. दोघींनी डबा खाल्ला नाही. दहीभात मागच्या सीटवर तसाच राहिला.

कृष्णराजनगरला पोचेपर्यंत तीन वाजले होते. भाताच्या गिरण्यांमागे, बसस्टँडपासून दुसऱ्या गल्लीत ते दुकान. बाहेर गाइडं नाहीत, वह्या नाहीत, लटकवलेल्या पेन्सिली नाहीत. नुसती पुस्तकं, जमिनीपासून आढ्यापर्यंत, आणि वाचत बसायला दोन वेताच्या खुर्च्या. मालक उंच, पाठीत वाकलेला, पांढऱ्या लुंगीतला म्हातारा. असलं दुकान असल्या गावात कशावर चालतं, असं मनात येऊन बाई घटकाभर राग विसरल्या. मग दहा प्रती मागवून कागद कापायला लागल्या.

त्यांच्यात जे बोलणं झालं ते सगळं कन्नडात. स्पृहा बाजूच्या खुर्चीत बसून होती, तिला त्यातलं ‘हौदु’ आणि ‘इल्ला’, म्हणजे हो आणि नाही, एवढंच कळत होतं.

‘‘बरं करताय,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘ते चित्र चुकीचं आहे.’’

बाईंची कात्री थांबली. तीन आठवड्यांत हे म्हणणारा हा पहिला माणूस. ‘‘तुम्हाला कसं कळलं?’’

‘‘वाचलं ना. दोनदा वाचलं. चुंबळीचं वाचलं, तळ्यात पाय कापला त्याचं वाचलं. फार चांगलं लिहिलंय.’’ तो थोडा थांबला. ‘‘आणि मी त्यांना पाहिलंय.’’

‘‘आईला? कुठे?’’

‘‘शाळेच्या फाटकाशी. भागीरथी, मी चिदंबर. सातवीत तुझ्या मागच्या बाकावर. मामाकडे राहून शिकत होतो.’’

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या वाकलेल्या म्हाताऱ्यात त्यांना हळूहळू एक लांब मानेचा मुलगा दिसला, आणि दिसला तेव्हा आनंद व्हायच्या आधी त्यांनी कात्री घट्ट धरली. चिदंबरने काउंटरमागून स्वतःची प्रत काढली. पान बासष्ट उघडलं. पेन्सिलीने समासात एक बारीक रेघ होती. त्याने वाचून दाखवलं, अगदी सावकाश. एक दिवस आई भारा घेऊन शाळेपाशी आली, मी विसरलेला डबा द्यायला. सगळी मुलं बघत होती. मी धावत गेले, तिचा अर्धा भारा माझ्या डोक्यावर घेतला, आणि आम्ही दोघी हसत अड्ड्यापर्यंत गेलो.

‘‘हे असं नव्हतं झालं,’’ चिदंबर म्हणाला.

‘‘तुमचं वय झालंय. पंचावन्न वर्षांपूर्वीचं तुमच्या काय लक्षात राहणार?’’

‘‘राहिलंय. सरांनी तुला विचारलं, ही कोण. तू म्हणालीस, आमची गवतवाली. आमच्या घोड्याला गवत आणते.’’ तो रागावून बोलत नव्हता, आठवून आठवून बोलत होता. ‘‘मी त्यानंतर महिनाभर तुझ्या मागे लागलो होतो, मला घोडा दाखव म्हणून. तू म्हणालीस, घोडा बंगळूरला पाठवलाय.’’

बाई उठून उभ्या राहिल्या. कात्री खाली पडली. ‘‘तुम्ही दुकानदार आहात. पुस्तकं विका. माझ्या आईबद्दल मला सांगू नका. येतो तो मला तिच्याबद्दल सांगतो.’’ आवाज एवढा चढला की रस्त्यावरचा एक सायकलवाला थांबला. स्पृहा उठून जवळ आली. बाईंनी तिला हाताने मागे सारलं आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसल्या.

चिदंबर मागून आला नाही, तेही एका अर्थी बरंच. रागावायला समोर कोणी नव्हतं. मनोहररावांवर रागावून झालं होतं, पोरीवर झालं होतं, त्या भोळ्या गाइडवाल्यावर झालं होतं. आता राग नुसता आत फिरत होता आणि फिरून फिरून एकाच जागी येत होता. शाळेच्या फाटकाशी. कारण चिदंबरने अर्धंच सांगितलं होतं. तो फाटकाशीही मागेच उभा असणार, त्याला पुढचं ऐकू गेलं नसावं किंवा ऐकून त्याने गिळलं असावं. बाईंनी मात्र ते ऐकलं होतं.

गवतवाली म्हणताच तुळजाबाईने पोरीकडे पाहिलं. एकदाच. मग तिने मान खाली घातली, डबा दोन्ही हातांनी पुढे केला आणि मोठ्या घरच्या मालकिणीशी बोलतात तशी कन्नडात म्हणाली, ‘अम्मावरे, तुमच्या घरून डबा पाठवलाय.’ पोटच्या पोरीला. घरी दोघी मराठी बोलायच्या. आणि पोरीने तो डबा घेतला, मालकिणीसारखा.

संध्याकाळी आईने नेहमीसारखा भात वाढला. पण त्या दिवसानंतर शाळेच्या रस्त्याने तुळजाबाई कधी गेली नाही. तळ्याच्या पलीकडून वळसा घालून जायची, भारा डोक्यावर घेऊन, अर्धा कोस जास्त. पोरगी दहावी होईपर्यंत तीन वर्षं. भागीरथीला हे ठाऊक होतं. अगं, इकडून ये, असं तिने एकदाही म्हटलं नाही. आई मरेपर्यंत म्हटलं नाही, आणि सहा वर्षं टाइपरायटरवर बसली तेव्हा हा परिच्छेद तिने एका बैठकीत, न अडखळता टाइप केला होता. तो वाचून ती रडलीसुद्धा होती. खोटं लिहून वर रडायचं, याला काय म्हणावं?

बाई उठून आत आल्या. चिदंबर म्हणाला, ‘‘मी कोणाला सांगणार नाही. पुस्तकाला त्याने बाध येत नाही. लहान होतीस तू.’’

‘‘तुम्ही गप्प राहणार म्हणून मी पण गप्प राहू?’’ बाई म्हणाल्या. ‘‘पेन द्या.’’

खाकी कागद त्यांनी गुंडाळून पिशवीत कोंबला. पहिली प्रत उघडली, पान बासष्ट काढलं, आणि त्या सुबक छापलेल्या सहा ओळींवर आडव्या रेघा मारल्या, कागद फाटेल इतक्या जोराने. मग समासात लिहायला लागल्या. समास पुरेना, तेव्हा वर गेल्या, वरून खाली आल्या. जन्मभर टाइप केलेल्या बाईचं अक्षर काही चांगलं नव्हतं, तरी वाचता येत होतं.

‘‘काकू,’’ स्पृहा म्हणाली, ‘‘काय लिहिताय? कव्हर घालायचं होतं ना?’’

तिला कन्नड वाचता येत नव्हतं. तिथे उभं राहून ती पन्नास वेळा ते पान बघेल तरी तिला कळणार नव्हतं, आणि बाईंनी नुसतं ‘दुरुस्ती’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मराठीत सांगितलं, सगळं. फाटक, सर, गवतवाली, बंगळूरला गेलेला घोडा, तळ्याचा वळसा. अम्मावरे या शब्दाचा अर्थ त्यांनी दोनदा समजावून सांगितला. स्पृहाच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून त्यांना पुन्हा संताप आला.

‘‘रडू नको. तुझं काय गेलंय रडायला?’’

‘‘काकू, तुम्ही तेरा वर्षांच्या होतात.’’

‘‘तेरा म्हणजे काही दुधपितं पोर नव्हे. कळायला लागल्यापासून मी तिला भारा वाहताना बघत होते. आणि हे लिहिलं तेव्हा तेराची होते का मी? तेव्हा साठ उलटलेली होते.’’ त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. ‘‘तू तिला पाहिलं नव्हतंस, म्हणून राणी केलीस. मी रोज बघत होते आणि तिला चाकर केली, ती समोर उभी असताना. मला सोडून तुझ्यावर महिनाभर ओरडत होते मी. उद्या म्हैसुरातली सगळी दुकानं पुन्हा फिरायची आहेत, आणि ती दोन गावं पण. रजा आहे का?’’

‘‘घेते,’’ स्पृहा म्हणाली.

‘‘मग सुम्ने, नुसती उभी राहू नको. ते दुसरं पुस्तक उघडून धर. पान बासष्ट.’’